कार ऑडिओच्या लाईनीत जायचं तर आयटीआय करावं का? (सोलापूर)

होटगीरोडकर

नमस्कार. इथे बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढते आहे. विषय घरचा आहे आणि त्यावरून रोज जेवताना वाद होतो.

माझा धाकटा भाऊ, वय १९. दहावीला ६८ टक्के होते, मग सगळे गेले म्हणून कॉमर्सला गेला. बारावी झाला, पण पुढे कॉलेजला जायला तयार नाही. सध्या शहरातल्या एका कार अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात कामाला जातो. सुरुवात सीट कव्हर आणि मॅटपासून झाली, आता टेप, स्पीकर, बफर (जड ठोक्याचा मोठा स्पीकर, सबवूफर), कॅमेरे बसवतो. सकाळी दहा ते रात्री नऊ, महिना आठ हजार. घरी आला की जुना अँप (आवाज वाढवणारा अँप्लिफायर) उघडून बसलेला असतो. त्याला हेच काम करायचं आहे आणि पुढे स्वतःचं दुकान टाकायचं आहे. आवड खरी आहे, त्याबद्दल मला शंका नाही.

बाबा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहेत. हातात सरकारी शिक्क्याचा कागद नसला की जन्मभर मालकाच्या मर्जीवर राहावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी ते भोगलंय. म्हणून ते म्हणतात, आयटीआय कर. भाऊ म्हणतो, तिथे गाडीचा साऊंड कोणी शिकवत नाही, दोन वर्षं जातील. त्याने मोबाईलवर पुण्यातला एक खासगी कोर्स शोधलाय. तीन महिने, फी पंच्याहत्तर हजार, राहणं-खाणं वेगळं, आणि जाहिरातीत 'शंभर टक्के प्लेसमेंट'. आई त्यासाठी दागिना मोडायला तयार आहे, म्हणून मला घाई आहे.

या लाईनीतल्या लोकांनी आणि आयटीआय केलेल्यांनी कृपया स्पष्ट सांगा. गोड बोलायची गरज नाही.

अक्कलकोटनाका

ताई, राग मानू नका, सरळ बोलतो. आयटीआयत टेप कोण शिकवायलंय? माझा ऊसवाहतुकीचा ट्रॅक्टर हाय. हंगामात आमच्या पट्ट्यातल्या ट्रॅक्टरवर काय काय साऊंड असतंय ते तुम्ही रस्त्यावर ऐकलंच असणार. ते सगळं बसवणारा पोरगा सातवी शिकलेला हाय. रात्री दोनला कारखान्याच्या नंबरात ट्रॅक्टर उभा असला आणि टेप बंद पडला तरी मोटरसायकलवर येतो, नीट करून जातो. त्याला कुणी कागद विचारत नाही.

पोराला काम मिळालंय, हात बसायलाय, तिथनं काढून वर्गात कशाला बसवता? दोन वर्षांत तो अजून चार दुकानांचं काम बघंल. आणि पंच्याहत्तर हजार हातात असतील तर सामान घ्या, घराबाहेर शटर टाका.

दमाणीनगर

अक्कलकोटनाका यांच्याशी सहमत. गिऱ्हाईक काम बघतं, सर्टिफिकेट नाही.

बारा_व्होल्ट

ताई, मी याच कामात आहे. विजापूर रोडच्या बाजूला लहान दुकान आहे. जाहिरात व्हायला नको म्हणून नाव सांगत नाही. थोडं लांबेल, पण हा प्रश्न माझ्याकडे येणारी पोरं आणि त्यांचे आईबाप सारखे विचारतात, तेव्हा एकदाच नीट लिहितो.

अक्कलकोटनाका, तुम्ही सांगता तो पोरगा मला कळतो. तशी माणसं आहेत आणि त्यांचा हात मी मानतो. डोअर पॅड न तोडता काढणं, कुठली क्लिप कुठे लपलीय ते बोटांना कळणं, डॅशबोर्ड उघडून परत बसवला की खडखड न येणं, हे कुठलीच शाळा शिकवत नाही. ते शंभर गाड्या उघडल्यावरच येतं. ताईंचा भाऊ ते शिकतोय, त्यात वाईट काही नाही.

पण हाताला एका जागी मर्यादा येते. उदाहरण देतो. गाडी चालू केली की स्पीकरमधून बारीक शिट्टी येते आणि रेस दिली की शिट्टीचा सूर वर चढतो. दुकानात रोज येणारी तक्रार. पोरगा काय करतो? टेपपासून अँपला आवाज नेणारी आरसीए वायर बदलतो. मग फिल्टर लावतो. मग अँप बदलतो. दिवस जातो, शिट्टी तशीच. ज्याला व्होल्टेज ड्रॉप म्हणजे काय हे कळलंय तो आवाज मोठा ठेवून मल्टिमीटरचं एक टोक अँपच्या अर्थला (गाडीच्या बॉडीला जोडलेल्या वायरीला), दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावतो. तिथे काही मिलिव्होल्ट दिसले तर ठीक. अर्धा व्होल्ट दिसला तर अर्थ कच्चा आहे: रंग न खरवडता बोल्ट आवळलाय, नाहीतर सीटच्या गंजलेल्या नटाला वायर गुंडाळलीय. दहा मिनिटांचं काम.

दुसरं उदाहरण बफरचं. गिऱ्हाईक म्हणतं, दोन बफर लावा. प्रत्येकी ४ ओहमचे दोन समांतर जोडले की अँपला २ ओहम दिसतात, एकसर जोडले की ८. बफर डबल कॉइलचे असतील आणि चारही कॉइल समांतर गेल्या तर १ ओहम. अँप २ ओहमपर्यंतच चालणारा असेल तर तो तापतो, प्रोटेक्टमध्ये जातो (स्वतःला वाचवायला बंद होतो), शेवटी जळतो. मग पोरगं म्हणतं, माल खराब आला.

करंटचा हिशोब तसाच. ६०० वॅट आरएमएसचा (म्हणजे सलग देता येणाऱ्या शक्तीचा) क्लास डी अँप घ्या. त्याची कार्यक्षमता साधारण ८० टक्के धरली तर आत ७५० वॅट ओढणार. १३.८ व्होल्टने भागलं की ५४ अँपिअर आले. गाणं एकसारखं तेवढं ओढत नाही, पण ठोका पडतो तेव्हा ओढतं. लहान हॅचबॅकचा अल्टरनेटर एसी, हेडलाईट, पंखा सगळं सांभाळून किती उरवतो? हे माहीत नसलं की डीआरएल (दिवसा लागणारे पुढचे दिवे) लुकलुकायला लागतात आणि माणूस बॅटरी बदलत बसतो. आणि वायर! तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर त्याच जाडीच्या तांब्याच्या वायरीपेक्षा दीडपट तरी रोध दाखवते. पाकिटावर फोर गेज (वायरीच्या जाडीचं माप) लिहिलेलं वाचून पोरं तीच लावतात.

यातलं काहीही मोठं शास्त्र नाही. ओहमचा नियम, शक्तीचं सूत्र, मालिका आणि समांतर जोडणी, एसी-डीसीतला फरक. पण ते गाडीखाली वाकून कुणी शिकवत नाही. दुकानात वेळ नसतो. मालकालाही बऱ्याचदा येत नसतं, तो तरी काय सांगणार? हे बसून, वहीत गणितं करून, चुकत चुकत शिकायची जागा म्हणजे आयटीआय. माझं मत स्पष्ट आहे: या पोराने आयटीआय करावं आणि दुकानही पूर्ण सोडू नये.

आणखी एक कारण, ते बाजाराचं. पूर्वी नवी गाडी आली की ती थेट आमच्याकडे यायची, टेप, स्पीकर, सेन्सर घ्यायला. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत मागचे पार्किंग सेन्सर कंपनीतूनच सक्तीचे झाले, ते काम आटलं. टचस्क्रीन तर आता मधल्या मॉडेललासुद्धा कंपनीचीच येते आणि एसी, कॅमेरा, सेटिंग सगळं तिच्यात. ती काढून दुसरी लावणं दिवसेंदिवस अवघड. आता पैसे मिळतात ते कंपनीच्या स्क्रीनला हात न लावता तिच्यामागे अँप आणि डीएसपी (आवाज आकड्यांनी जुळवणारा प्रोसेसर) जोडण्यात, दरवाजे डॅम्प करण्यात (थरथर थांबवायला आतून शीट लावण्यात), डॅशकॅम, ३६० कॅमेरा, ट्रॅकर बसवण्यात. यातल्या प्रत्येक कामात वायरिंग डायग्राम वाचावा लागतो. हातावर चालणारं काम कमी होतंय, डोक्यावर चालणारं वाढतंय.

निवृत्त_निदेशक

मी आयटीआयमध्ये शिल्पनिदेशक होतो. बारा व्होल्ट यांनी बरंच काम सोपं केलं. मी व्यवसायाच्या, म्हणजे ट्रेडच्या, निवडीबद्दल लिहितो, कारण पालक तिथेच गोंधळतात. 'आयटीआय' हा एक कोर्स नाही. आत कुठला ट्रेड घेतला यावर सगळं आहे.

या मुलासाठी माझी पहिली पसंती इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक. दोन वर्षांचा ट्रेड आहे. मल्टिमीटर, ऑसिलोस्कोप (विजेची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र), सोल्डरिंग, पॉवर सप्लाय, अ‍ॅम्प्लिफायर, मायक्रोकंट्रोलरची ओळख, सगळं येतं. घरी अँप उघडून बसणाऱ्या मुलाला हा ट्रेड कंटाळवाणा वाटणार नाही. दुसरी पसंती मेकॅनिक ऑटो इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स, पण तो सगळीकडे नसतो. तिसरी मेकॅनिक मोटर व्हेईकल, हाही दोन वर्षांचा. त्यात इंजिन, ब्रेक, गिअरबॉक्स जास्त आणि विजेचं कमी, तरी गाडी म्हणून गाडी समजते. वायरमन आणि इलेक्ट्रिशियन हे चांगले ट्रेड आहेत, पण त्यांचा भर घरगुती आणि औद्योगिक विजेवर. गाडीच्या १२ व्होल्टसाठी त्यांतलं निम्मंच उपयोगी पडेल. डिझेल मेकॅनिक त्याच्यासाठी नाही. सोलापूर आणि तालुक्याच्या संस्थांत कुठे कोणता ट्रेड आणि किती जागा हे प्रवेशाच्या संकेतस्थळावर दिसतं. ऐकीव माहितीवर जाऊ नका.

वयाची वरची अट नाही, त्यामुळे १९ वर्षं हा प्रश्नच नाही. गुणवत्ता यादी दहावीच्या गुणांवर लागते, बारावी कॉमर्स आडवी येत नाही. शासकीय संस्थेची फी खासगी कोर्सच्या मानाने अगदी थोडी.

आता उणीवही सांगतो. आयटीआयमध्ये कार ऑडिओ शिकवत नाहीत, हे मुलाचं म्हणणं बरोबर आहे. डीएसपी, टाइम अलाइनमेंट (सगळ्या स्पीकरचा आवाज कानाला एकाच वेळी येईल असं लावणं), बफरचा डबा किती लिटरचा हे कुणी सांगणार नाही. काही संस्थांत उपकरणं जुनी असतात, काही ठिकाणी निदेशकांची पदं रिकामी असतात. जो मुलगा मागे बसून दोन वर्षं काढतो त्याला कागद मिळतो, बाकी काही मिळत नाही. जो 'सर, हा अँप का जळला, बघू या' म्हणून वस्तू घेऊन येतो त्याच्यासाठी निदेशक सुट्टीच्या वेळेतही थांबतात. मी थांबलो आहे आणि माझे सहकारीही थांबलेले पाहिले आहेत.

वडिलांच्या काळजीबद्दल. आयटीआयनंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली अ‍ॅप्रेंटिसशिप करता येते आणि त्या काळात विद्यावेतन मिळतं. एसटी महामंडळ गाड्यांशी संबंधित ट्रेडचे उमेदवार घेतं. मध्य रेल्वेच्या शिकाऊ भरतीत सोलापूर विभाग असतो, कुर्डुवाडीची कार्यशाळा आपल्याच जिल्ह्यात. दुकान नाही चाललं तर हा रस्ता उघडा राहतो. पुढे शिकावंसं वाटलं तर दोन वर्षांच्या आयटीआयवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. सातवीवर थांबलेल्या हुशार मुलाला यातलं काहीच मिळत नाही, आणि मला त्याचंच वाईट वाटतं.

अक्कलकोटनाका

सर, तुमचं पटायलंय, पण दुकानाचा मालक अर्धा दिवस येणाऱ्याला ठेवंल का? पगार कापंल न्हाईतर काढून टाकंल. आठ हजार घरात येतात ते बंद झाले तर?

पार्कचौक

मी फक्त गिऱ्हाईक आहे, पण लिहावंसं वाटलं. एका दुकानातून बफर आणि अँप बसवून घेतला. आवाज झकास, काम दिसायला स्वच्छ. उन्हाळ्यात कुटुंबाला घेऊन अक्कलकोटला जाताना पुढच्या सीटखालून धूर आला. मुलं मागे होती. गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडून बॅटरीची वायर ओढून काढली म्हणून वाचलो. नंतर दुसऱ्या इलेक्ट्रिशियनने दाखवलं: बॅटरीपासून निघालेल्या जाड वायरला फ्यूजच नव्हता. फ्यूज मागे, अँपच्या अंगावरचा तेवढाच. कार्पेटखाली सीटच्या रेलवर वायर घासून सोलली गेली होती.

बसवणारा मुलगा चांगला होता, मेहनती होता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून मला 'गिऱ्हाईक काम बघतं' हे पटत नाही. गिऱ्हाईकाला कार्पेटखालचं दिसत नाही.

बारा_व्होल्ट

पार्कचौक, सगळे सुखरूप आहात हे वाचून बरं वाटलं. हे सगळ्यांनी वाचावं म्हणून परत सांगतो: मुख्य फ्यूज अँपला वाचवायला नसतो, वायरीला वाचवायला असतो. म्हणून तो बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा. त्यापुढची वायर कुठेही बॉडीला टेकली तर फ्यूज उडतो, विषय संपतो. फ्यूज मागे लावला तर मधली चार-पाच मीटर वायर उघडी आणि बॅटरी तिच्यात सगळा जोर ओतते. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट, सीटच्या रेलपासून लांब, वरून नळी.

आपल्याकडच्या उन्हाचंही ध्यानात घ्या. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२-४३ असतं तेव्हा काचा लावून उभ्या गाडीत त्याहून कितीतरी जास्त होतं. काळी चिकटपट्टी त्या उष्णतेत पाघळते, जोड उघडा पडतो. जोड क्रिंप किंवा सोल्डर करून वर हीटश्रिंक, आणि लूमला (वायरींच्या जुडीला) कापडी टेप. दरवाज्याला स्वस्तातली डांबरी शीट लावली तर ती खाली घसरते आणि गाडीत वास भरतो, ब्यूटिलची लावावी.

मालकाबद्दल: अक्कलकोटनाका यांचा प्रश्न खरा आहे. मी स्वतः मालक आहे म्हणून सांगतो, शिकणारा पोरगा संध्याकाळी आणि रविवारी आला तरी मला चालतो. आमचं काम तसंही संध्याकाळी आणि सुट्टीलाच जास्त असतं. पाडवा, अक्षय तृतीया, दसरा, धनत्रयोदशीला नव्या गाड्या सुटतात तेव्हा हात कमी पडतात. आत्ताचा मालक नाही म्हणाला तर दुसरा शोधावा. पगार कमी होईल हे मात्र घराने धरून चालायला हवं.

चाकणवासी

मूळचा जुळे सोलापूरचा, सध्या चाकणला गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या तपासणीत आहे. माझ्या बाजूने दोन गोष्टी.

पहिली, कॅन बस, म्हणजे गाडीतल्या उपकरणांची आपसात बोलायची वायरिंगची पद्धत. बॉशने ही पद्धत १९८६ मध्ये जाहीर केली, आज साध्या हॅचबॅकमध्येही ती असते. स्टीअरिंगवरची बटणं, सेंट्रल लॉक, मीटर, टचस्क्रीन हे सगळं एकमेकांत पीळ दिलेल्या दोन वायरींवर बोलतं. जुन्या पद्धतीचा टेस्ट लॅम्प त्या वायरीला टोचला तर तो करंट ओढतो आणि बस बिघडते. मीटरवर दिवे लागतात, गाडी कधी स्टार्टच होत नाही. तिथे मल्टिमीटर लागतो. बॅटरी सोडवून त्या दोन वायरींत मोजलं की साधारण ६० ओहम यायला हवेत, कारण दोन टोकांना १२०-१२० चे रोध असतात. १२० दिसले तर एक टोक तुटलंय. इथे परत तेच, दोन समांतर रोध. बारा व्होल्ट यांनी बफरसाठी सांगितलेलंच गणित.

पिवळ्या कपलरला, म्हणजे एअरबॅगच्या वायरिंगला, मल्टिमीटरसुद्धा लावायचा नाही. स्टीअरिंग किंवा खांबाचं पॅनल उघडायचं असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबायचं. कितीतरी दुकानांत हे पाळत नाहीत, ते बघून भीती वाटते.

दुसरी गोष्ट, भविष्य. इलेक्ट्रिक गाडीतही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असतेच, टेप-स्पीकर तिच्यावरच चालतात. फक्त ती भरायला अल्टरनेटर नसतो, मोठ्या बॅटरीतून डीसी-डीसी कन्व्हर्टर भरतो. नारिंगी वायरींना हात लावायचा नाही. ज्याला पाया माहीत आहे त्याला हा फरक एका दिवसात कळतो. आणि कार ऑडिओ म्हणजे फक्त दुकान असं समजू नका. हरमन कंपनीचा गाड्यांच्या इन्फोटेनमेंटचा (टचस्क्रीन आणि साऊंडचा) कारखाना चाकणला २०१४ पासून आहे. जेबीएल, इन्फिनिटी ही नावं त्याच घरची. अशा कारखान्यांत तपासणी आणि दुरुस्तीच्या लाईनवर इलेक्ट्रॉनिक्सचे आयटीआयवाले लागतात. तिथे गेटवर पहिला प्रश्न ट्रेडचा असतो. हात कितीही चांगला असला तरी कागदाशिवाय आत बोलावत नाहीत. ताईंचे बाबा म्हणतात ते इथे शंभर टक्के लागू.

हिशोबनीस

पुण्याच्या कोर्सबद्दल कुणी नीट बोललं नाही. तीन महिन्यांचे पंच्याहत्तर हजार, वर राहणं-खाणं, आणि तीन महिन्यांचा बुडालेला पगार चोवीस हजार. एकूण लाखाच्या वर गेलं. दागिना मोडण्याआधी त्या संस्थेला एवढं विचारा: किती मुलांमागे एक गाडी असते, आणि ती गाडी मुलं स्वतः उघडतात की नुसतं बघतात? प्रमाणपत्र नेमकं कुणाचं? आधीच्या तुकडीतल्या मुलांशी, त्यांनी निवडलेल्या नव्हे, बोलू देतील का? प्लेसमेंट म्हणजे नोकरी की मुलाखत, आणि पगार किती, हे लिहून देतील का? उत्तरं तोंडीच मिळाली तर दागिना कपाटात राहू द्या.

अमेरिकेत याच कामासाठी एमईसीपी नावाची परीक्षा आहे, १९९१ पासून, आणि तिथल्या दुकानांत तिला मान आहे. आपल्याकडच्या दुकानदारांत तसं सगळ्यांनी मानलेलं काही मी पाहिलेलं नाही. म्हणून खासगी कागदाला इथे वजन त्या संस्थेपुरतंच.

धाकटा_अँपवाला

नमस्कार, ज्याच्याबद्दल चाललंय तो मीच. ताईने वाचायला दिलं. सगळ्यांचे आभार.

मला आयटीआयबद्दल राग नाही. भीती ही होती की दोन वर्षांत माझ्याबरोबरची पोरं पुढे जातील. पण एक खरं सांगतो. दुकानात अँपचा गेन (आत येणारा आवाज किती वाढवायचा ते ठरवणारं बटण) आम्ही कानाने लावतो. गिऱ्हाईक 'अजून' म्हणतं, आम्ही फिरवतो. आवाज फाटतोय का नाही यावर दोघांचं कधी एकमत होत नाही. मी विचारलं की हे मोजता येत नाही का, तर उत्तर मिळालं, कान तयार कर. बारा व्होल्ट दादा, मोजता येतं का?

बारा_व्होल्ट

येतं. आज रात्रीच करून बघ, घरी अँप आहेच. अँपच्या कागदावरची आरएमएस शक्ती घे, पीक नको. समजा ४ ओहमला १०० वॅट. शक्ती गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ: ४०० चं वर्गमूळ २०. म्हणजे त्या चॅनेलवर २० व्होल्ट एसी आले की गेन तिथे थांबवायचा. स्पीकरच्या वायरी काढ, बास बूस्ट बंद, सगळे इक्वलायझर सरळ. टेपचा आवाज पाऊण ठेव आणि १००० हर्ट्झचा टेस्ट टोन लाव, पूर्ण पातळीवर रेकॉर्ड केलेला. मल्टिमीटर एसी व्होल्टवर, टोकं अँपच्या स्पीकर टर्मिनलला. गेन शून्यापासून हळू वर. बफरच्या अँपला ४० किंवा ५० हर्ट्झचा टोन घे आणि लो-पास फिल्टर (फक्त जड आवाज जाऊ देणारा) त्याच्या वर ठेव, नाहीतर फिल्टरच टोन कापेल. लहान स्पीकरचा हाय-पास (जड आवाज अडवणारा फिल्टर) ८० हर्ट्झच्या आसपास ठेवला तर ते आवाज वाढवल्यावर फाटत नाहीत.

हे मोजणं अंदाजाला खूप जवळ नेतं. पण लाट वरून कापली गेली का हे डोळ्यांनी बघायचं असेल तर ऑसिलोस्कोप लागतो. तो दुकानात नसतो, आयटीआयच्या लॅबमध्ये असतो. तू जो प्रश्न विचारलास तो विचारणाऱ्या पोराला मी कधीही कामावर ठेवीन. आणि कान तयार करायचाच, ते चुकीचं सांगितलेलं नाही. डावा स्पीकर तुझ्यापासून एक मीटर जास्त लांब असेल तर त्याचा आवाज जवळपास ३ मिलिसेकंद उशिरा येतो. हे डीएसपीत आकड्याने लावायचं असतं, पण लावल्यावर गाणारा डॅशबोर्डच्या मधोमध उभा राहिला की नाही, ते कानच ठरवतो.

धाकटा_अँपवाला

केलं. ७५ वॅटचा अँप आहे, म्हणजे १७.३ यायला हवे होते. आम्ही दुकानात ठेवतो त्या खुणेवर गेन होता तिथे २४ दिसले.

दादा, आम्ही बसवलेल्या गाड्यांत हेच असणार.

बारा_व्होल्ट

असणार. चांगला ट्रू आरएमएस मल्टिमीटर घे, पहिला खर्च तोच. त्यानंतर क्रिंपिंगचा पक्कड, प्लास्टिकच्या पट्ट्यांचा सेट, बरी सोल्डरिंग आयर्न. पंच्याहत्तर हजारांच्या कितीतरी आत हे सगळं बसतं.

होटगीरोडकर

सगळे प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवले. पार्कचौक यांचा वाचताना आई मध्येच उठून भावाला म्हणाली, तू फ्यूज लावतोस ना?

पुण्याचा कोर्स रद्द. इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकसाठी फॉर्म भरायचं ठरलं. आत्ताच्या दुकानाच्या मालकांशी भाऊ बोलला, ते संध्याकाळी सहानंतर आणि रविवारी या म्हणाले, पगार साडेतीन हजार. बाबा म्हणाले, चालेल, दोन वर्षं मी बघतो.

एक शंका उरली. सोलापुरात नाही मिळालं तर मोहोळ, बार्शी असे पर्याय टाकायचे का? रोज जाऊन येऊन संध्याकाळचं दुकान जमणार नाही.

अक्कलकोटनाका

ताई, बाबांना माझा नमस्कार सांगा. पोरगं मोजून काम करायलंय म्हणल्यावर हंगाम सुरू झाला की आमच्याकडचे ट्रॅक्टर त्याच्याकडंच पाठवतो. बफरचा डबा पत्र्याचा नको, लाकडाचा पाहिजे, एवढं सांगून ठेवा. आणि गावातनं जाताना आवाज कमी ठेवायचं मी बघतो, रात्री दहानंतर बंदच असतो.

निवृत्त_निदेशक

होटगीरोडकर, पर्यायांचा क्रम विचार करून टाका. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो, नाकारला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव जातं. म्हणून पहिल्या क्रमांकावर तेच टाका जे मिळालं तर तो नक्की जाईल: सोलापूर शहरातला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक. खाली शहरातलाच गाड्यांशी संबंधित ट्रेड. बाहेरगावचे पर्याय त्यानंतर, आणि जिथे राहायची किंवा जाण्यायेण्याची सोय नाही ते टाकूच नका. नियमित फेऱ्यांनंतर समुपदेशन फेरी असते, तेव्हा रिकाम्या जागा दिसतात, तीही बघा.

वर्गाची हजेरी ८० टक्क्यांच्या खाली गेली तर परीक्षेला बसता येत नाही, हे दुकानाच्या मालकांना आधीच सांगून ठेवा, विशेषतः दसरा-दिवाळीच्या दिवसांसाठी. दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास आणि लागू असेल तर जातीचा दाखला मूळ प्रतींसह तयार ठेवा. ऑनलाईन अर्ज भरून काम संपत नाही. जवळच्या आयटीआयमध्ये कागद दाखवून अर्ज निश्चित करावा लागतो आणि त्यानंतर पर्याय भरायचे असतात. मुलाला स्वतः जाऊ द्या. गेल्यावर इलेक्ट्रॉनिक्सची लॅब कुठे आहे ते विचारून आत डोकावून यायला सांगा.